शैलजाचं प्रथिन

फ्लास्क उजेडासमोर धरला आणि कळलं, हाही गेला. आदल्या दिवशी गुलाबी असलेला द्रव पिवळट, गढूळ झाला होता. तळाला चिकटून वाढायला हव्यात त्या पेशी सुटून तुकड्यातुकड्यांनी तरंगत होत्या. मी दुसरा फ्लास्क काढला, तिसरा काढला. सहाही तसेच. इन्क्युबेटरचं दार उघडं टाकून मी तिथंच स्टुलावर बसले.

"पुन्हा?" दारातून केळुसकर सरांनी विचारलं.

"हो सर."

"कितव्यांदा?"

"तिसऱ्यांदा."

सर आत आले नाहीत. दारातूनच भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. मग म्हणाले, "ठोंबरे, मार्चअखेर तुमची फेलोशिप संपते. आज सतरा जानेवारी. मला वाटतं, झालंय तेवढं लिहून काढा आणि हे बंद करा."

"अजून पेशींची एक कुपी आहे सर. द्रव नायट्रोजनमध्ये गोठवलेली."

"आणि तीही गेली तर?"

मी इन्क्युबेटरचं दार लावलं. सर वाट बघून निघून गेले.

हे दोन हजार तीन सालचं. मी तेव्हा एकोणतीस वर्षांची होते. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत होते आणि माझं सगळं काम एका प्रथिनाभोवती फिरत होतं. आपल्या मूत्रपिंडांच्या डोक्यावर दोन लहानशा ग्रंथी असतात, त्या कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक तयार करतात. त्याच्याशिवाय माणूस जगत नाही. रक्तात ते बहुतेक मोकळं फिरत नाही, एक प्रथिन त्याला धरून नेतं. शरीराच्या कामाला येतं ते मोकळं, न धरलेलं कॉर्टिसॉल. पण गावोगावच्या लॅबमध्ये मोजलं जायचं ते एकूण. त्यामुळे धरणारं प्रथिनच बिघडलेलं असेल, तर एकूण आकडा खूप खाली येतो आणि ग्रंथी धडधाकट असूनही माणूस कागदावर गंभीर आजारी दिसतो.

इचलकरंजीची शैलजा तारळेकर अशीच कागदावर आजारी होती, असा डॉक्टर हेरवाडकरांना संशय होता.

अठराव्या वर्षी तिला कॉलेजात चक्कर आली. कुणीतरी रक्त तपासायला सांगितलं, कॉर्टिसॉल जवळजवळ नाहीच असं निघालं. ग्रंथी निकामी झाल्यात, जन्मभर स्टेरॉइडच्या गोळ्या घ्याव्या लागतील, असं निदान झालं. आठ वर्षं तिनं त्या घेतल्या. चेहरा सुजून गोल झाला, मानेमागे गाठीसारखा मांसाचा गोळा आला, नुसता धक्का लागला तरी कातडीवर काळेनिळे डाग उठायला लागले. दोन ठिकाणी जमत आलेली लग्नं मोडली. सव्विसाव्या वर्षी डाव्या खुब्याचं हाड झिजायला लागलं, तेव्हा तिला पुण्याला हेरवाडकरांकडे आणलं. ते संप्रेरकांचे तज्ज्ञ. त्यांनी सोबत आलेल्या भावाचंही रक्त घेतलं. हा भाऊ रमाकांत लूमवर, यंत्रमागावर, सूत गुंडाळलेले जड बीम खांद्यावरून वाहायचा, कधी सर्दीपडशानंही पडलेला नव्हता. त्याचा आकडा बहिणीइतकाच खाली निघाला.

आमच्याकडे दोघांचं जनुक वाचलं. त्यात एक अक्षर बदललेलं होतं, आईकडून आलेल्या प्रतीतही आणि वडिलांकडून आलेल्या प्रतीतही. आईवडील मामे-आत्तेभावंडं होती.

"एवढ्यावर गोळ्या उतरवता येणार नाहीत का?" मी हेरवाडकरांना विचारलं होतं.

"अक्षर बदललं म्हणजे काम बिघडलंच असं नाही, हे तुम्हीच मला सांगायला हवं," ते म्हणाले. "आणि तिच्या ग्रंथी आता तपासून उपयोग नाही. आठ वर्षं बाहेरून मिळतंय, त्या झोपल्यात. झोपल्यात की मुळात मेल्यात, हे बाहेरून कळत नाही. भाऊ धडधाकट आहे म्हणून बहीणही असेल, हा जुगार मी खेळणार नाही. तुम्ही ते प्रथिन करून दाखवा. ते कॉर्टिसॉल धरत नाही हे सिद्ध करा. मग मी निदान बदलतो आणि वर्षभर घेऊन, अगदी थेंबाथेंबानं गोळ्या उतरवतो."

म्हणून मी ते प्रथिन करत होते. हॅमस्टरच्या अंडाशयातून फार पूर्वी वेगळ्या काढलेल्या आणि जगभरच्या प्रयोगशाळांत वाढवल्या जाणाऱ्या पेशी असतात. त्यात माणसाचं जनुक घातलं, की त्या माणसाचं प्रथिन बनवून भोवतालच्या द्रवात सोडतात. एका गटात मी सर्वसाधारण जनुक घातलं होतं, दुसऱ्यात शैलजाचं. कागदावर हे एवढं सोपं होतं.

नोव्हेंबरात शैलजा पुन्हा रक्त द्यायला आली, तेव्हा मी तिला पेशी दाखवल्या होत्या. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून ती खूप वेळ वाकून उभी राहिली. खुबा दुखत असणार, पण उठेना.

"ह्या माझ्या?"

"नाही, हॅमस्टरच्या. पण प्रथिन तुझं बनवतायत."

"काय म्हणता! उंदरागत असतंय ना ते?" ती हसली. सुजलेल्या गालांत डोळे बारीक झाले. "माझ्यापेक्षा बऱ्या दिसतात की ओ. कशा एकमेकीला धरून बसल्यात."

निघताना तिनं रमाकांतला पुढे पाठवलं आणि दारात थांबली. "मॅडम, एक सांगू? डॉक्टर लोक आधी भावाला सांगतात, मग आईला, मग मला. काही कळलं तर आधी मला सांगाल? दर गुरुवारी अकराला मी शेजारच्या बूथवरनं फोन करीन."

मी बरं म्हटलं. आणि ती दर गुरुवारी फोन करायला लागली. दोन मिनिटं. "काय म्हणतायत पेशी?" एवढंच विचारायची. दोन वेळा मला सांगावं लागलं होतं की मेल्या. तिसऱ्या वेळचं सांगायला माझी जीभ उचलेना. "वाढतायत," मी खोटंच सांगितलं.

शैलजाच्या जनुकाच्या पेशींची ती शेवटची कुपी मी आठवडाभर बाहेर काढलीच नाही. आधी रोग शोधायचा ठरवलं. पेशी न घालता नुसताच द्रव आठ फ्लास्कमध्ये भरला आणि एकेक वेगळ्या वाटेनं नेला. एक वेगळ्या, गाळलेल्या हवेच्या कपाटात उघडला, एक वेगळ्या इन्क्युबेटरमध्ये ठेवला, एकाची बाटली वेगळ्या फ्रिजमधली. तिसऱ्या दिवशी त्यातले तीन पिवळे पडले. तिघांत सारखं एकच होतं: त्यांचा द्रव आमच्या गरम पाण्याच्या टबात कोमट केलेला. टबाचं पाणी रोज बदललं जात होतं, पण आतल्या जाळीखाली बुळबुळीत थर जमला होता. कुणी जाळी उचललीच नव्हती. मीही नाही.

त्यानंतर मी बाटली टबात ठेवली नाही. स्पिरिटनं पुसलेल्या हातमोज्यांत धरून मीच ती कोमट करायची. अर्धा अर्धा तास बाटली पोटाशी घेऊन बसलेली मी, हे बघून सगळे हसायचे.

कुपी वितळवली. पेशी जगल्या, वाढल्या. पुढचं संकट निराळं होतं. पेशींना वाढायला वासराच्या रक्ताचा द्रव लागतो आणि त्या रक्तात वासराचं स्वतःचं तेच प्रथिन असतं. ते राहिलं तर मोजमाप खोटं. म्हणून शेवटचे पाच दिवस त्यांना त्याच्याशिवाय ठेवायचं, अक्षरशः उपाशी. पहिल्या खेपेला दुसऱ्याच दिवशी अर्ध्या सुटल्या. मग मी मात्रा रोज थोडी थोडी कमी करत शून्यावर आणली. पाव टक्क्यावर आल्यावर वाटायचं, आता मरणार. मी सकाळी सातला येऊन इन्क्युबेटर उघडायची. फेब्रुवारी असाच गेला. सरांनी माझ्या जागी दुसरी मुलगी घेतल्याचं मला ऑफिसमधून कळलं. एक एप्रिलपासून माझं टेबल तिचं होणार होतं.

तेरा मार्चला, गुरुवारी सकाळी, मी शेवटचं मोजमाप केलं. द्रवात किरणोत्सारी कॉर्टिसॉल मिसळायचं, मग कोळशाची पूड घालायची. कोळसा मोकळं कॉर्टिसॉल शोषून घेतो, प्रथिनानं धरलेलं तेवढं द्रवात उरतं. उरलेलं यंत्र मोजतं. सर्वसाधारण प्रथिनाचे आकडे आले: चार हजार आठशे, चार हजार सातशे, चार हजार नऊशे. मग शैलजाचे. ब्याण्णव. अठ्ठ्याऐंशी. पंच्याण्णव. नुसत्या पाण्याचे नव्वद होते.

प्रथिन बनलंच नसेल तरीही असेच आकडे येतील, म्हणून आदल्या दिवशी मी ते वेगळं तपासून ठेवलं होतं. प्रथिन होतं, भरपूर होतं. फक्त धरत नव्हतं.

मी यंत्राच्या खोलीत रडले. सर दिल्लीला होते. हेरवाडकर पंधरा दिवसांसाठी बंगलोरला, आधी प्रशिक्षण आणि मग परिषद. अकराला फोन वाजला.

"काय म्हणतायत पेशी?"

"शैलजा," मी म्हटलं, "तुझं प्रथिन कॉर्टिसॉल धरत नाही. अजिबात नाही. तुझा आकडा त्यामुळं खाली येत होता. तुझ्या ग्रंथींना काही झालेलंच नव्हतं."

पलीकडून लूमचा खडखडाट ऐकू येत होता. तिथं सगळीकडे तो येतोच.

"म्हणजे मला आजारच नव्हता?"

"नव्हता."

"आठ वर्षं?"

"आठ वर्षं."

त्यानंतर आमचं आणखी थोडं बोलणं झालं आणि तिनं फोन ठेवला. मी दिवसभर तरंगतच होते. रात्रीचं जेवणही विसरले.

पुढच्या गुरुवारी, वीस तारखेला, अकराला मी हातमोजे घालून पेशींपुढे बसले होते, उठता येण्यासारखं नव्हतं. बाहेर आल्यावर टेबलावर ऑफिसची चिठ्ठी होती: 'इचलकरंजीहून फोन. जरा बरं वाटत नाही म्हणाल्या. पुन्हा करते म्हणाल्या.' मी चिठ्ठी वहीत ठेवली. तिच्याकडे फोन नव्हता, बूथचा नंबर मी कधी घेतलाच नव्हता.

तिनं पुन्हा फोन केला नाही. सोमवारी सकाळी रमाकांतचा आला.

"मॅडम, शैलू बेशुद्ध आहे ओ. काल लग्नाला गेलतो, रातीपासनं उलट्या नि जुलाब. सकाळी झटके आले. इथं दवाखान्यात आणलीय. डॉक्टर म्हणतात अन्नातनं विषबाधा. सलाईन लावलंय पण बीपी चढंना. हेरवाडकर डॉक्टरांचा फोन लागंना."

"गोळ्या घेतेय ती?"

"कुठल्या?"

"स्टेरॉइडच्या, रमाकांत!"

तो हळू आवाजात म्हणाला, "त्या तर फेकल्या."

मी म्हटलं, "डॉक्टरांना फोनवर घे. आत्ता. धावत जा."

फोनवर एक तरुण आवाज आला, थकलेला. मी भराभर सांगितलं: आठ वर्षांचं स्टेरॉइड, ग्रंथी झोपलेल्या, गोळ्या एकदम बंद झाल्यात, त्यात हा ताण, शरीरात कॉर्टिसॉल उरलेलं नाही. शिरेतून हायड्रोकॉर्टिसोन द्या, साखर बघा. लगेच.

"तुम्ही डॉक्टर आहात?"

"जीवरसायनशास्त्रात. मी संशोधन करते."

"म्हणजे मेडिकल नाही. बाई, पेशंटला इन्फेक्शन आहे. कुणाच्या तरी फोनवर स्टेरॉइड दिलं आणि ते उलटलं तर जबाबदार कोण? भाऊ कधी म्हणतो फेकल्या, कधी म्हणतो संपल्या होत्या, रडतोय नुसता. त्या नक्की कधी बंद झाल्या, कुणाच्या सांगण्यावरून, तुम्हाला पक्कं माहीत आहे?"

रिसीव्हर माझ्या घामानं ओला झाला होता.

"पक्कं नाही," मी म्हटलं. "अंदाज आहे."

"मग तिच्या डॉक्टरांना बोलायला सांगा." त्यानं फोन ठेवला.

तेव्हा दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. हेरवाडकरांचा मोबाइल बंद होता. मी त्यांच्या दवाखान्यात फोन केला. तिथल्या बाईंना परिषदेचं हॉटेल आठवेना. कागद सापडला, त्यावरचा नंबर चुकीचा निघाला. टेलिफोन खात्याच्या चौकशीला फोन करून दुसरा घेतला. हॉटेलच्या माणसाला मी हिंदीत ओरडून सांगत होते की सभागृहात जा, स्टेजवर असले तरी खाली उतरवा. लाइन तुटली. पुन्हा लावली. हेरवाडकर फोनवर आले तेव्हा अकरा वाजले होते. त्यांनी माझं अर्धं वाक्य ऐकलं, दवाखान्याचा नंबर घेतला आणि फोन आदळला. अकरा वाजून पाच मिनिटांनी शैलजाला इंजेक्शन मिळालं.

मी मिळेल ती एसटी पकडली. पाच-सहा तासांच्या त्या प्रवासातलं मला काहीही आठवत नाही.

दवाखान्याच्या बाकावर रमाकांत बसला होता. बीपी वर आलं होतं, पण शैलजा शुद्धीवर येत नव्हती. साखर खूप खाली गेली होती, झटके बराच वेळ चालले होते. मेंदूला किती लागलंय ते शुद्धीवर आल्यावरच कळेल, असं डॉक्टर म्हणत होते. शुद्धीवर आली तर. आई आत, काचेशी उभी होती.

मी त्याच्या शेजारी बसले. तो माझ्याकडे बघतही नव्हता, समोरच्या भिंतीशी बोलत होता.

"घरात आली नि नाचायलाच लागली ओ ती. खुबा दुखतोय नि नाचतेय. म्हणाली, मला आजारच नव्हता. मी म्हटलं मग ही घाण कशाला घरात? डबाच गटारात रिकामा केला. ती म्हणाली, दादा, दोन पाकिटं राहू दे. मी ऐकलं नाही. आठ वर्षं त्या गोळ्यांनी माझ्या बहिणीचं तोंड बघवत नव्हतं मला. मीच फेकल्या. मीच मारली तिला."

"रमाकांत, असं नाही..."

"मग कसं?" त्यानं पहिल्यांदाच मान वळवली. डोळे लाल होते. "सांगा की, कसं?"

मी त्याच्या हातावर हात ठेवला आणि म्हटलं, "धीर धर."

दुसऱ्या दिवशी सकाळीही तो तेच बोलत होता. चहा घेईना. एकदा उठून त्यानं भिंतीवर डोकं आपटलं, दोन वॉर्डबॉयनी धरून बसवला. आई म्हणाली, "रमाकांता, तू कुठं डॉक्टर हाईस? तुला काय कळणार होतं?" तो म्हणाला, "कळत नव्हतं तर हात कशाला लावला मी?" मी शेजारी बसून होते. रुमाल भिजवून त्याच्या कपाळाला लावत होते.

दुपारी शैलजानं डोळे उघडले. हेरवाडकर तोवर येऊन पोचले होते. तिला नाव विचारलं, वार विचारला. वार चुकला, बाकी सांगितलं. आईला ओळखलं. आम्ही सगळे पलंगाभोवती होतो.

हेरवाडकर वाकून म्हणाले, "शैलजा, गोळ्या कुणी बंद करायला सांगितल्या तुला?"

तिची नजर फिरत फिरत माझ्यावर आली. थांबली. मग ती डॉक्टरांकडे बघून म्हणाली, "कुणी नाही. माझ्या मनानं."

"नाही डॉक्टर, मी फेकल्या," रमाकांत म्हणाला. "तिला बोलू नका. मी फेकल्या."

हेरवाडकर माझ्याकडे वळले. "ठोंबरे, तुमचं तिच्याशी बोलणं झालं होतं ना? काय सांगितलंत?"

"रिझल्ट," मी म्हटलं. "फक्त रिझल्ट."

त्यांनी मान हलवली आणि केसपेपरवर लिहायला लागले. रमाकांत भिंतीला टेकून खाली बसला आणि हुंदके देऊन रडायला लागला. आता बहीण वाचली म्हणून रडत होता, की अजून तेच, मला कळलं नाही. मी बाहेर आले. पाठोपाठ तो तोंड धुवायला आला, तेव्हा जिन्यात मी त्याला थांबवलं.

"रमाकांत, त्या गुरुवारी तिनं मला फोनवर विचारलं होतं."

"काय?"

"ती म्हणाली, मॅडम, म्हणजे आजपासनं गोळ्या नाही घेतल्या तरी चालेल?" मी त्याच्याकडेच बघून सांगत होते. "मी म्हटलं, हो. चालेल. मी हसत होते रे. म्हटलं, गरजच नव्हती कधी. एकदम बंद करायच्या नसतात हे मला माहीत होतं. हेरवाडकरांनी माझ्यासमोर सांगितलं होतं. त्या क्षणी डोक्यातच आलं नाही. नुसतं हो म्हणून गेले."

त्यानं जिन्याचा कठडा धरला.

"आणि काल सकाळी तुझ्या डॉक्टरांनी मला फोनवर विचारलं, पक्कं माहीत आहे का म्हणून. मला पक्कं माहीत होतं. तारीख माहीत होती, वेळ माहीत होती. मीच सांगितलंय, एवढं म्हटलं असतं तर त्यांनी कदाचित तेव्हाच इंजेक्शन दिलं असतं. मी अंदाज आहे म्हटलं. इंजेक्शन पाऊण तासानं मिळालं."

खालून कुणीतरी स्ट्रेचर आणत होतं. आम्ही दोघं भिंतीला सरकलो, स्ट्रेचर गेलं.

"कालपासनं तुम्ही माझ्या शेजारी बसला होता," तो म्हणाला.

"हो."

"मी काय बोलत होतो, ऐकत होता."

"हो."

तो ओरडेल, हात उगारेल, असं मला वाटत होतं. त्यानं ते करायला हवं होतं. तो नुसता बघत राहिला, अनोळखी माणसाकडे बघावं तसा.

"डॉक्टरांना सांगा," तो म्हणाला. "आत्ता. त्यांच्या कागदावर खोटं राहायला नको."

"सांगते. आईंनाही..."

"आईला नाही." त्यानं पहिल्यांदा आवाज चढवला. "तिला वाटतंय, मॅडमनी लेकीचा आजार शोधला, मॅडम पुण्यासनं धावत आल्या. देव मानते ती तुम्हाला. तिच्यापासनं ते काढून घेऊन तुम्ही मोकळ्या होणार? नाही. ते तुम्ही घेऊन राहायचं."

मी वर गेले आणि हेरवाडकरांना सगळं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवून ऐकलं. केसपेपरवरची एक ओळ खोडली, तिथं नवी लिहिली, मला वाचायला दिली आणि सही करायला सांगितली. "त्या पाऊण तासानं काय बिघडलं, काय आधीच बिघडलेलं होतं, हे कुणालाच सांगता येणार नाही," ते म्हणाले. "मलाही नाही. तुम्हालाही कधी कळणार नाही." सरांना मी पुण्याला परतल्यावर सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आकडे बरोबर आहेत ना?" आकडे बरोबर होते. शोधनिबंध पुढच्या वर्षी छापून आला.

शैलजाच्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या आणि चिमटीचिमटीनं कमी होत चौदा महिन्यांनी शून्यावर आल्या. ग्रंथी जाग्या झाल्या. चेहऱ्यावरची सूज उतरली. खुब्याची शस्त्रक्रिया करावी लागली. झटके मात्र अधूनमधून येत राहिले आणि त्यांच्यासाठी दुसरी एक गोळी सुरू झाली. ती अजून चालू आहे. ती घेताना तिला माझी आठवण येते का, हे मी तिला कधी विचारलेलं नाही.

शेवटची स्टेरॉइडची गोळी सुटली त्या महिन्यात तिघं पुण्याला आले. मला तोवर दुसऱ्या संस्थेत नोकरी लागली होती. शैलजा काठी टेकत आत आली, तर मी तिला ओळखलंच नाही. गालाची हाडं दिसत होती, हनुवटी टोकदार होती. मी जिला ओळखत होते ती सव्वीस वर्षांची शैलजा कुणी निराळीच. ती काही बोलायच्या आत तिची आई पुढं आली. हातातली पिशवी खाली ठेवून पदर डोक्यावर घेतला.

"माझी लेक मला परत दिलीत तुम्ही," ती म्हणाली आणि वाकली.

मी झटकन दोन पावलं मागे सरले. "आई, नको. अहो, नको, तुम्ही वडीलधाऱ्या..."

दारात रमाकांत उभा होता. जिन्यातल्या त्या दिवसानंतर तो माझ्याशी एक शब्द बोललेला नव्हता, तेव्हाही बोलला नाही. माझ्याकडे बघत त्यानं फक्त एकदा मान हलवली. नाही.

मी होते तिथं उभी राहिले. आईनं खाली बसून दोन्ही तळवे माझ्या पावलांवर ठेवले, त्यावर कपाळ टेकवलं, आणि बराच वेळ उचललं नाही.